सुधाकर बुडाला तो दारूने नाही

गडकऱ्यांचं एकच प्याला म्हटलं की लोक लगेच म्हणतात, दारूचं नाटक. पण दारू नंतर येते हो, त्याआधी त्यातला नायक सुधाकर भर कोर्टात डोकं फिरवून घेतो, वकिलीची सनद काही काळासाठी घालवून बसतो, आणि तो अपमान गिळता येत नाही म्हणून दारुड्या तळीरामाने पुढे केलेला पेला हातात घेतो. मूळ खोट त्या तापट, मानी स्वभावात आहे.

अशी एकच खोट नायकाला खाऊन टाकते, हा प्रकार आपल्याकडे तसा उशिरा आला. संस्कृत नाटकाचा शेवट बहुतेक गोडच (भासाच्या ऊरुभंगात दुर्योधन मरतो, पण तो अपवाद). ग्रीकांकडे मात्र इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलं होतं की नायक देवमाणूस नको आणि हलकटही नको, त्याच्या हातून मोठी चूक व्हावी. त्याचं लाडकं उदाहरण ईडिपस, तिठ्यावर वाटेवरून भांडण होतं, रागाच्या भरात हा एका म्हाताऱ्याला मारतो आणि तो निघतो सख्खा बाप! आता यात चूक कुठली आणि स्वभाव कुठला यावर पंडितांची भांडणं चालूच आहेत. स्वभावदोषाचं पारडं जड झालं ते शेक्सपिअरमुळे, समीक्षक ए. सी. ब्रॅडलीच्या शेक्सपिअरवरच्या १९०४ च्या पुस्तकानंतर तर कॉलेजांत तेच शिकवलं जायला लागलं.

मराठीत १८६१ सालीच विनायक जनार्दन कीर्तन्यांचं थोरले माधवराव पेशवे आलं होतं, शेवट दुःखाचा, पण माधवराव क्षयाने जातात, त्यात त्यांचा काय दोष? नुसतं रडू येतं. खरा फरक पडला शेक्सपिअरच्या भाषांतरांनी. १८६७ ला महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ऑथेल्लो, १८८३ ला आगरकरांनी हॅम्लेटवरून केलेलं विकारविलसित, मग १८९० चं देवलांचं झुंझारराव, ज्यात परत ऑथेल्लोच, म्हणजे संशयाने स्वतःच्या हाताने बायकोला मारणारा नवरा. भला माणूस आतूनच कसा पोखरला जातो हे प्रेक्षकाला इथे दिसलं.

गडकऱ्यांना हे सगळं आयतं मिळालं. ते जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं, सुधाकराची बायको सिंधू, तिच्या भूमिकेत बालगंधर्व, मग काय, सगळी सहानुभूती सिंधूकडे आणि सगळा दोष बाटलीकडे, सुधाकराच्या डोक्यातल्या रागाबद्दल फारसं कोणी बोललंच नाही.