नवा पहिला अंक की नवं जग? रीलाँच आणि रीबूट

दिवाळीच्या सुट्टीत अकरावीतली भाची मोबाइल नाचवत आली. स्क्रीनवर दोन मुखपृष्ठं. "मामा, दोन्हीवर बॅटमन आणि दोन्हीवर एक नंबर. यातला खरा पहिला कुठला?"

खरं तर यातला एकही नाही. बॅटमन या नावाच्या मासिकाचा खरा पहिला अंक १९४० सालचा. त्यानंतर २०११ साली पुन्हा पहिला अंक निघाला, २०१६ साली पुन्हा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एकदा. म्हणजे एकाच मुलाचं चार वेळा बारसं. तिच्या मोबाइलवरचा एक अंक हा चौथ्या बारशाचा, मॅट फ्रॅक्शन आणि होर्हे हिमेनेझ यांचा. दुसरा होता ऑक्टोबर २०२४ मधला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमन', स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा. तो या चौघांच्या ओळीत बसतच नाही. तिला म्हटलं, एकच बघ, आल्फ्रेडचं काय झालंय?

आल्फ्रेड म्हणजे वेन घराण्याचा जुना नोकर, ब्रूसला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमनला, लहानाचा मोठा करणारा. २०१९ साली आधीच्या मालिकेच्या ७७व्या अंकात बेन या खलनायकाने त्याची मान मोडली. २०२५ च्या नव्या पहिल्या अंकातही आल्फ्रेड मेलेलाच आहे आणि ब्रूसला ते दुःख आहे. नंबर १ झाला, पण आधीचं सगळं घडून गेलेलं आहे. हे रीलाँच. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये मात्र आल्फ्रेड जिवंत आहे, नोकर नाही तर ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि त्याने ब्रूसला वाढवलेलंही नाही. तिथल्या ब्रूसकडे ना हवेली, ना पैसा. आई जिवंत आहे. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह उपटलं की त्याची कुऱ्हाड होते. हे रीलाँच नाही आणि गंमत म्हणजे रीबूटही नाही. त्याकडे नंतर येतो.

कॉमिक्स वाचणारी मंडळी आणि बातम्या देणारेसुद्धा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. नव्या लेखकाची घोषणा झाली की लगेच "अमुक मालिका रीबूट होतेय" असा मथळा. पुणेकराला समजेल असं सांगायचं तर वाड्याला रंग दिला, दारावर नवी पाटी लावली, आत बिऱ्हाडं तीच, तर ते रीलाँच. वाडा पाडून त्या जागी इमारत उभी केली तर रीबूट. नंबर बदलायचा की नाही हे प्रकाशकाच्या टेबलावर ठरतं. इतिहास पुसायचा की नाही हे कथेत ठरतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, आणि एकाशिवाय दुसरंही होऊ शकतं. सगळा घोळ तिथेच आहे.

हे बघायला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' हे एकच मासिक पुरतं. १९३८ साली सुपरमॅन याच्याच पहिल्या अंकात अवतरला. १९८५-८६ मध्ये सुपरमॅन आणि बॅटमन छापणाऱ्या डीसी या प्रकाशकाने 'क्रायसिस ऑन इनफिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका काढली, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची. पन्नास वर्षांत साचलेल्या समांतर पृथ्व्या तिने एकीत मिसळून टाकल्या. त्यानंतर १९८६ मध्ये जॉन बर्नने सहा अंकांत सुपरमॅनची कहाणी मुळापासून पुन्हा सांगितली. जुन्या कथेत क्लार्क मोठा होऊन सुपरमॅन होईपर्यंत त्याचे मानलेले आईवडील वारलेले असत, इथे ते जिवंत. जुना क्लार्क पोरवयात सुपरबॉय म्हणून उडत असे, नव्याच्या आयुष्यात सुपरबॉय झालाच नाही. रीबूट याहून पक्कं ते काय असणार!

आता अ‍ॅक्शन कॉमिक्सचे नंबर बघा. ५८३वा अंक जुन्या सुपरमॅनचा निरोप आहे, अ‍ॅलन मूरने लिहिलेला. ५८४वा अंक बर्नच्या नव्या सुपरमॅनचा. मध्ये चार महिने गेले, एक अख्खं विश्व गेलं आणि मुखपृष्ठावरचा आकडा फक्त एकाने पुढे सरकला. ५८३ नंतर ५८४, जसं काही झालंच नाही. बॅटमनचंही तेच. फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवात नव्याने मांडली, पण ती आली मासिकाच्या ४०४ ते ४०७ या अंकांत. आज कुणी असं काही करायचं ठरवलं तर मुखपृष्ठावर भला मोठा एक आकडा आल्याशिवाय राहील का?

रीबूटची किंमत कुणाला मोजावी लागते तेही तेव्हाच दिसलं. 'लीजन ऑफ सुपरहीरोज' ही भविष्यातल्या मुलांची टोळी सुपरबॉयला आदर्श मानून जमलेली. सुपरबॉयच झाला नाही म्हटल्यावर टोळी कुणाच्या प्रेरणेने जमली? हा गुंता सोडवायला पुढे कितीतरी कथा खर्ची पडल्या. पत्त्यांच्या बंगल्यातलं खालचं पान ओढलं की असंच होतं.

२०११ मध्ये उलट झालं. 'फ्लॅशपॉइंट' या कथेनंतर डीसीने बावन्न मासिकं एकदम एक नंबरपासून काढली आणि त्या बेताला 'न्यू ५२' असं नाव दिलं. अ‍ॅक्शन कॉमिक्स ९०४ वर थांबलं आणि पुन्हा १ पासून निघालं. नव्या पहिल्या अंकात ग्रँट मॉरिसनचा सुपरमॅन टी-शर्ट, जीन्स आणि कामगाराचे बूट घालून उड्या मारतो. १९९६ साली प्रेयसी लोइसशी झालेलं त्याचं लग्न पुसलं गेलं होतं. इथे नंबरही बदलला आणि इतिहासही.

पण बॅटमनला मात्र हात लावायचं कुणाला जिवावर आलं असावं. त्याच महिन्यातला बॅटमनचा पहिला अंक उघडा. एका समारंभात ब्रूसच्या शेजारी डिक, टिम आणि डेमियन कोट घालून उभे आहेत. तिघंही आजी-माजी रॉबिन, म्हणजे बॅटमनचे पोरवयातले साथीदार. म्हणजे याच्या घरचा इतिहास बहुतेक शाबूत. आणि त्याच वेळी नव्या विश्वाचा नियम असा की महानायक लोकांसमोर येऊन जेमतेम पाच वर्षं झालीत. पाच वर्षांत चार रॉबिन, त्यातला एक स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा! वाचकांनी यावर वर्षानुवर्षं विनोद केले. माझ्या मते न्यू ५२ फसलं ते इथेच. एकाच इमारतीत अर्ध्या खोल्या नव्या बांधलेल्या, अर्ध्या जुन्या वाड्याच्या, आणि जिना कुठे जातो ते बांधणाऱ्यालाही माहीत नाही.

मग २०१६. 'रीबर्थ' या नावाखाली अ‍ॅक्शन कॉमिक्स आलं ते थेट ९५७ क्रमांकाने. हा आकडा कुठून आला? जुने ९०४, त्यात नव्या मालिकेचे ५२, झाले ९५६, पुढचा ९५७. पाच वर्षं एक-दोन-तीन मोजलं आणि मग गुपचूप जुन्या वहीत भर घातली. या अंकात जो सुपरमॅन आहे तो २०११ च्या आधीचाच, लग्न झालेला, बरोबर लोइस आणि मुलगा जॉन. एप्रिल २०१८ मध्ये हजारावा अंक निघाला आणि सुपरमॅनची लाल चड्डीही परत आली. कोरी पाटी केली होती म्हणायचं, आणि तीवरची जुनी अक्षरं पुन्हा गिरवायची, असा हा प्रकार.

डीसीचा प्रतिस्पर्धी प्रकाशक मार्व्हल, त्याचं गणित वेगळं. १९६१ मध्ये 'फॅन्टास्टिक फोर' सुरू झालं तेव्हापासूनचं मुख्य विश्व आपण कधी रीबूट केलंच नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. ते तारखा सरकवतात. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मुळात व्हिएतनामच्या युद्धात पकडला गेला होता. आज त्याचं वय शंभरीकडे जाऊ नये म्हणून युद्ध बदलत राहतं. घटना तीच राहते, साल तेवढं पुढे जातं.

पण रीलाँच? त्यात मार्व्हलचा हात कुणी धरू शकत नाही. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे पहिले अंक मोजा: १९६३, १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि एप्रिल २०२५. सात. पहिली मालिका ४४१ वर थांबली होती, दुसरीचे ५८ अंक झाल्यावर २००३ मध्ये ४४१ अधिक ५८ म्हणजे ४९९ असा हिशेब करून त्यांनी पाचशेवा अंक काढला. एक नंबरला गिऱ्हाईक मिळतं तसं पाचशे नंबरलाही मिळतंच की. हल्ली मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणखी एक आकडा असतो, तो हा वहीतला एकूण आकडा. भिंग घेऊन बघावा लागतो, पण रीलाँच ओळखायची याहून सोपी खूण नाही.

रीलाँच म्हणजे 'नव्या वाचकासाठी सोयीची सुरुवात' असं जाहिरातीत म्हणतात. २०१४ चा पहिला अंक घ्या. नवा वाचक उत्साहाने पान उलटतो तर काय, पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, शरीरात वर्षभराहून जास्त काळ डॉक्टर ऑक्टोपस हा खलनायक राहून गेलाय, त्याने पीटरच्या नावावर डॉक्टरेट मिळवलीय, कंपनी काढलीय, घरात एक मैत्रीणही आहे, आणि परत आलेल्या पीटरला यातलं धड काही ठाऊक नाही. पीटरइतकाच वाचकही भांबावलेला. सुरुवात कसली, दुसऱ्याच्या घरातलं भांडण मधूनच ऐकू आल्यासारखं!

आणि याच स्पायडर-मॅनच्या बाबतीत इतिहास पुसला गेला तेव्हा नंबरला कुणी हात लावला नाही. पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ मध्ये झालं. वीस वर्षांनी, २००७ च्या अखेरीस, मे काकूचा जीव वाचवण्याच्या बदल्यात मेफिस्टो नावाच्या सैतानाने ते लग्नच जगाच्या आठवणीतून काढून घेतलं. ती कथा ५४५व्या अंकात संपली, आणि जानेवारी २००८ मध्ये ५४६व्या अंकात पीटर सडाफटिंग. सरळ पुढचा आकडा. याला रीबूट म्हणत नाहीत, कारण बाकीचं जग जागच्या जागी राहिलं. एखादी जुनी गोष्ट मागे जाऊन बदलली की त्याला रेटकॉन म्हणतात. पण ज्यांनी ते लग्न वाचत वय वाढवलं त्यांना कुठल्याही नव्या एक नंबराने दुखावलं नसेल इतकं या ५४६ ने दुखावलं. अजूनही विषय काढून बघा.

एवढे पहिले अंक लागतात कशाला? कारण अमेरिकेतली कॉमिक्सची दुकानं माल विकत घेतात तो बहुतेक परत न करण्याच्या बोलीवर. अंक खपला नाही तर दुकानदाराच्या गळ्यात. त्यामुळे दुकानदार आधीच अंदाज बांधून मागणी नोंदवतो, आणि चालू मालिकेची मागणी महिन्यागणिक थोडी थोडी घटवत नेतो. कुणी वाचणं सोडलं तर त्याची जागा नवा वाचक घेत नाही, कारण सदतिसाव्या अंकापासून सुरुवात कोण करणार? एक नंबर आला की ही उतरण एकदम मोडते, वर वेगवेगळी मुखपृष्ठं काढता येतात. १९९१ च्या 'एक्स-मेन' १ ने पाच मुखपृष्ठांच्या जोरावर ८१ लाखांच्या वर प्रती खपवल्याचा विक्रम केला. तो खप दुकानदारांपर्यंतचा. त्यातल्या कितीतरी प्रती वाचकांच्या हाती न जाता खोक्यांतच राहिल्या. म्हणून कुठल्याही पहिल्या अंकाचा खप बातमीत वाचला की मी चौथ्या-पाचव्या अंकाची वाट बघतो.

आता राहिलेली गोष्ट. अ‍ॅब्सोल्यूट काय, किंवा मार्व्हलने जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांच्याकडून सुरू करवलेलं 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' काय, हा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधलेला बंगला आहे. जुना वाडा तसाच उभा, त्यातली माणसं तशीच, आणि इकडे त्याच नावाची वेगळी माणसं राहायला आलीत. कुणाचा इतिहास पुसला नाही, म्हणून रीबूट नाही. जुनं पुढे चालवलं नाही, म्हणून रीलाँचही नाही. अल्टिमेट ही कल्पनाही जुनीच. २००० साली मार्व्हलने असाच बंगला बांधला होता, तो २०१५ च्या 'सीक्रेट वॉर्स'मध्ये पाडला, आणि तिथल्या माइल्स मोरालेस या स्पायडर-मॅनला मूळ वाड्यात खोली दिली. त्या कथेत मूळ मार्व्हल विश्वही फुटून पुन्हा जोडलं गेलं. तेव्हा "मार्व्हल रीबूट झालं" अशी हाकाटी झाली होती. पण परत आल्यावर सगळ्यांना आपापलं आयुष्य आठवत होतं.

मला स्वतःला सध्या हे शेजारचे बंगलेच जास्त आवडतात. अ‍ॅब्सोल्यूट बॅटमनचा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला तो उगाच नाही. नव्या वाचकाला जे वचन रीलाँच नुसतं देतं ते इथे पाळलं जातं. मागचं काहीही वाचलेलं नसलं तरी चालतं, आणि जुन्या वाचकाच्या आठवणीवर कुणी फडकं फिरवत नाही.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोनदा चकली आणायला उठली ते सोडा. मग विचारलं, "म्हणजे स्पायडर-मॅनचं लग्न आता नाहीच?" म्हटलं, मुख्य मालिकेत नाही. अल्टिमेटमध्ये आहे. तिथला पीटर पस्तिशीतला, मेरी जेनशी लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि कोळी त्याला एवढ्या उशिरा चावतो. तिने बॅटमनचे दोन्ही अंक बाजूला सारले आणि तो मागवला.