आंतरराष्ट्रीय विकास-स्वयंसेवा

एका देशातील प्रशिक्षित व्यक्तीने दुसऱ्या, बहुधा गरीब देशातील शाळा, दवाखाना, सहकारी संस्था किंवा सरकारी कचेरीत ठरावीक मुदतीपुरते, पगाराऐवजी निर्वाहभत्त्यावर काम करण्याची पद्धत. मुदत साधारणतः सहा महिने ते दोन वर्षे. आपत्तीतले मदतकार्य वेगळे, सुटीतली हौशी सेवा-सहल त्याहून वेगळी. इथे स्वयंसेवकाने स्वतः किती काम उपसले यापेक्षा तो गेल्यावर संस्थेला काय जमू लागले, हे पाहतात.

पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दंजवळ पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले गाव उभारण्यासाठी शिबिर भरवले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही चळवळ निघाली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल काही सहकाऱ्यांसह बिहारमध्ये घरबांधणीसाठी आले. हर्ब फीथ हे ऑस्ट्रेलियन पदवीधर १९५१ मध्ये इंडोनेशियात गेले आणि त्यांच्यामागून आलेल्या योजनेतील तरुण तिथल्या सरकारी नोकराच्या पगारावर राहिले. आजच्या निर्वाहभत्त्यामागे हेच तत्त्व आहे. १९५८ मध्ये ॲलेक व मोरा डिक्सन यांनी ब्रिटनमध्ये ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ (व्हीएसओ) ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू केली. तिची पहिली मुले शाळा नुकतीच संपवलेली, अठराच्या आसपासची होती. पुढे अनुभवी शिक्षक, परिचारिका, लेखापाल जाऊ लागले. केनिया आणि फिलिपिन्समधूनही भरती झाली. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे मुख्यालय आज जर्मनीत, बॉन येथे आहे.

अमेरिकेचे ‘पीस कोअर’ हे सरकारी स्वयंसेवक दल १ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष केनेडींच्या आदेशाने अस्तित्वात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान विद्यापीठात एका स्वयंसेविकेचे मायदेशी लिहिलेले पोस्टकार्ड विद्यार्थ्यांच्या हाती लागले. तिथल्या राहणीबद्दल त्यात अनुदार उद्गार होते. स्वयंसेवकांना परत पाठवा, अशी मागणी झाली. घरच्या पत्रात काय लिहावे, हा विषय तेव्हापासून क्षुल्लक राहिला नाही. भारतात पीस कोअर १९६१ ते १९७६ या काळात होते. कुक्कुटपालन आणि शेती ही त्यातली मोठी कामे. पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या आणि तिथल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून राबल्या.

नेमणुकीचे यशापयश बरेचदा विमान सुटण्याआधीच ठरते. यजमान संस्थेने मागणीपत्रात अडचण नेमकी लिहावी लागते. ‘क्षमताबांधणी हवी’ असे मोघम लिहिलेले पत्र परत पाठवलेले बरे. ‘चार तालुक्यांच्या बचतगटांचे हिशेब महिनाअखेर जुळत नाहीत’ असे लिहिले तर माणूस शोधता येतो. मागणीपत्रात जोडीदार कर्मचाऱ्याचे नाव हवेच. तो स्वयंसेवकाकडून काम शिकून पुढे चालवणार असतो. पीस कोअरचा २७ महिन्यांचा काळ सुमारे तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे काम असा विभागलेला असतो. प्रशिक्षणात स्थानिक कुटुंबात राहून भाषा शिकतात. कामावर रुजू झाल्यावरचे पहिले काही आठवडे ऐकण्याचे, जुन्या फायली चाळण्याचे. या दिवसांत नवी पद्धत आणणाऱ्याला कामकाज कसे चालते ते कळलेलेच नसते.

हिशेबाच्या कामात हे लख्ख दिसते. स्वयंसेवक रोजकीर्द संगणकावर चढवतो, बेरजेची सूत्रे घालतो, तक्ता कुलूपबंद करतो. सहा महिन्यांनी नवे खर्चशीर्ष येते, मधे ओळ घालायची असते आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. कारकून पुन्हा कापडी पाठीची वही काढतो. त्यापेक्षा त्याच वहीत प्रत्येक खर्चाला सलग व्हाउचर क्रमांक, प्रत्येक व्हाउचरला दोन सह्या आणि दरमहा बँकेच्या उताऱ्याशी जुळवणी एवढे रुळवले, तरी लेखापरीक्षणातली निम्मी डोकेदुखी जाते. जुळवणी पहिल्या महिन्यात स्वयंसेवकाने करून दाखवावी, दुसऱ्यात दोघांनी मिळून, तिसऱ्यात जोडीदाराने एकट्याने. हा क्रम चुकला की स्वयंसेवक म्हणजे फुकटचा कारकून.

नेहमीची दुसरी गफलत इंग्रजीची. संचालकांना इंग्रजी लिहिणारा माणूस मिळतो आणि त्याची दोन वर्षे देणगीदारांसाठी प्रस्ताव लिहिण्यात जातात. अनुदान येते, पुढचा प्रस्ताव लिहायला मात्र कुणी नसते. जोडीदाराची बदली हेही ठरलेले संकट. म्हणून शहाण्या संस्था एकाऐवजी दोघांना जोडतात. भत्ता थोडा जरी स्थानिक पगाराच्या वर गेला तरी कुजबुज सुरू होते. भारतात आणखी एक कागदी बाब आहे: नोंदणीकृत संस्थेत विनावेतन काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला रोजगार व्हिसा लागतो आणि त्यावर संस्थेचे नाव व ठिकाण नोंदवतात.

या पद्धतीवर टीकाही कडक झाली आहे. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांपुढेच भाषण करून तुम्ही मदतीला येऊ नका, असे सुनावले. अनाथालयांतली अल्पमुदतीची सेवा तर उघड अपायकारक ठरली. कंबोडियात अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. पाहुणे येतात म्हणून मुले ठेवली जात होती.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरने आपले जवळपास सात हजार स्वयंसेवक एकाच वेळी परत बोलावले. असे त्याआधी कधी झाले नव्हते. नवी तुकडी झांबियात उतरली ती मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात दूरस्थ स्वयंसेवा वाढली. अनुवाद, संकेतस्थळ, अहवालांची तपासणी ही कामे तिच्यात चांगली होतात. व्हाउचरच्या फायलीतून कुठला क्रमांक गायब आहे, हे तपासायला मात्र अजूनही कपाटापाशी बसावे लागते.