ओव्हनमधले फ्रोझन फ्राइज आणि ओव्हनमधला घरचा बटाटा: दोन्ही ‘बेक’च, पण एकच नव्हेत

अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, रक्ताचा रिपोर्ट आला आणि घरातली भजी बंद झाली. साखर वाढलेली, बीपीची गोळी आधीपासून चालूच. त्याच रविवारी आमच्या मोठ्या जाऊबाई दहिसरहून मुलुंडला आल्या त्या डेअरीतून फ्रोझन फ्राइजचं पाकीट घेऊनच. ओटीजीत, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये, भाजून अण्णांपुढे बशी ठेवली आणि म्हणाल्या, “खा अण्णा, बेक केलेत. तेलाचा थेंब नाही घातला.”

खरंच नव्हता घातला, मी शेजारीच उभी होते. पण ट्रे बाहेर काढला तेव्हा खालचा बटर पेपर जागोजागी पारदर्शक झाला होता. प्रत्येक काडीखाली तिच्याच आकाराचा तेलकट ठसा. मग हे तेल आलं कुठून?

ते कारखान्यातून आलं. फ्रोझन फ्राइज म्हणजे नुसता चिरून गोठवलेला बटाटा नव्हे. बटाटा सोलतात, कापतात, गरम पाण्यातून काढतात. त्यात जास्तीची साखर धुऊन जाते. मग काळपट पडू नये म्हणून फॉस्फेटच्या पाण्यात बुडवतात, रंग एकसारखा यावा म्हणून कधी डेक्स्ट्रोज नावाची साखरही लावतात. वरचं पाणी सुकवलं की थोडा वेळ कढत तेलात तळतात आणि त्यानंतर गोठवतात. आपल्याकडे हे तेल बरेचदा पामचं असतं. पाकिटावर घटकांच्या यादीत बटाट्याच्या पाठोपाठ खाद्यतेल लिहिलेलं असतं, ते हेच. म्हणजे ओव्हनमध्ये आपण करतो ते दुसरं शिजवणं. पहिलं तळण आधीच झालेलं असतं, आणि त्यामुळेच वरून तेल न घालताही फ्राइज कुरकुरीत होतात.

घरचा बटाटा सोलून, बोटाएवढ्या लांब फोडी करून ओव्हनमध्ये ठेवला, तर त्यात तेल जाईल ते आपल्याच हातून. कच्च्या बटाट्यात 100 ग्रॅमला जेमतेम 0.1 ग्रॅम चरबी असते, सुमारे 77 कॅलरी, आणि जवळजवळ 80 टक्के पाणी.

इथपर्यंत कळल्यावर मला वाटलं, जाऊबाईंचं सगळंच चुकलं. म्हणून पुढच्या रविवारी वजनकाटा घेऊन बसले. 250 ग्रॅम सोललेला बटाटा, एक चहाचा चमचा तेल, 200 अंशांवर चाळीसेक मिनिटं. बाहेर आलं ते दीडशे ग्रॅमच्या आसपास, बाकीचं पाणी उडून गेलं. आता हिशेब बघा. बटाट्याच्या 190 कॅलरी आणि तेलाच्या 40, मिळून 230. त्या आता 150 ग्रॅममध्ये बसल्या, म्हणजे 100 ग्रॅमला साधारण 155 कॅलरी आणि 3 ग्रॅम चरबी.

फ्रोझन फ्राइज ओव्हनमधून काढल्यावर 100 ग्रॅमला साधारण 160 ते 200 कॅलरी आणि 5 ते 7 ग्रॅम चरबी भरते. किती वेळ भाजले आणि काडी किती जाड, यावर आकडा हलतो. फास्ट फूडच्या दुकानातल्या तळलेल्या फ्राइजमध्ये मात्र 100 ग्रॅमला 310 च्या पुढे कॅलरी आणि 15 ग्रॅमच्या आसपास चरबी असते. दुसऱ्यांदा कढईत पडले की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्याच्या जागी तेल शिरतं. बरंचसं तेल तर कढईतून काढल्यावर, काडी निवताना आत ओढलं जातं.

म्हणजे ओव्हनमधले फ्रोझन फ्राइज घरच्या बटाट्याच्या जवळ आहेत, कढईतल्या फ्राइजच्या नव्हे. ‘तेल नाही’ हे जाऊबाईंचं कारण चुकलं, पण तळण्याऐवजी भाजले हे त्यांनी बरोबरच केलं. हे मी त्यांना फोन करून सांगितलंही.

खरी गफलत पाकिटामागच्या तक्त्यात होते. तिथे ‘प्रति 100 ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. ते बहुधा गोठलेल्या मालाचे 100 ग्रॅम, बशीतले नव्हेत. मी 200 ग्रॅम गोठलेले फ्राइज भाजले तर हातात दीडशेच आले. कॅलरी काही उडून जात नाहीत, पाणीच जातं. त्यामुळे तक्त्यावर 150 दिसत असेल तर बशीतल्या 100 ग्रॅमला त्या 200 होतात. कच्चं वजन करून मगच ट्रेमध्ये टाकलं की हा घोळ उरत नाही. तक्त्यात ‘एका वाढपाचे’ आकडे आणि दिवसाच्या गरजेची टक्केवारीही असते. ती टक्केवारी 2000 कॅलरी, 67 ग्रॅम चरबी आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम धरून काढतात. पण एका वाढपात किती ग्रॅम धरलेत ते आधी बघा. आपल्या घरातलं वाढप बहुतेक वेळा त्याच्या दुप्पट असतं.

अण्णांच्या बीपीमुळे सोडियमचं, म्हणजे मुख्यतः मिठाचं, मला जास्त महत्त्व वाटतं. घरच्या बटाट्यात ते नावापुरतं, 100 ग्रॅमला दहा मिलिग्रॅमसुद्धा नाही. फ्रोझनमध्ये मात्र पाकिटागणिक फरक पडतो. काहींत मीठ आधीच असतं, काहींत नसतं, आणि हे चवीवरून कळत नाही, यादी वाचूनच कळतं. मीठ आधीच असलेल्या फ्राइजवर चाट मसाला भुरभुरवला, वर मोठा चमचाभर केचप घेतलं, की आणखी दीडशे मिलिग्रॅम सोडियम एकट्या केचपमधून येतं, शिवाय जवळजवळ 4 ग्रॅम साखर.

अण्णांच्या साखरेसाठी तेलाचा प्रश्न तसा दुय्यमच. दोन्हींत 100 ग्रॅमला 25 ते 30 ग्रॅम कर्बोदकं आहेत, मध्यम आकाराच्या दीड पोळीइतकी. तंतू अडीच-तीन ग्रॅम, प्रथिनं तेवढीच. बशीभर फ्राइज खाऊन वर नेहमीच्या दोन पोळ्या घेतल्या तर साखर वाढणारच, मग बटाटा कुठल्याही ओव्हनमधून येवो. पोटॅशियम दोन्हींत 400 मिलिग्रॅमच्या पुढे, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खावेत. क जीवनसत्त्व भाजताना दोन्हीकडे कमी होतं.

रंगाबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं. 120 अंशांच्या वर पिष्टमय पदार्थ तळले किंवा भाजले की त्यातली साखर आणि अॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल मिळून अॅक्रिलामाइड हे कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय असलेलं रसायन तयार होतं. 2002 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे उघड केलं. जितका रंग गडद तितकं ते जास्त. घरचा बटाटा इथे मागे पडू शकतो, कारण वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून येणारा बराचसा माल कोल्ड स्टोरेजचा असतो, आणि थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. वेफरवाले ‘शुगर फ्री’ बटाटा शोधतात तो याचसाठी. तसला गोडसर बटाटा आतून शिजायच्या आधीच बाहेरून तपकिरी होतो. फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, नीट पुसून भाजल्या तर फरक पडतो. आणि घरी आणलेला बटाटा फ्रीजमध्ये ठेवूच नये.

आता अण्णांसाठी दर रविवारी 80 ग्रॅम गोठलेले फ्राइज काट्यावर मोजते, मीठ नसलेले. सोनेरी झाले की लगेच काढते. वरून लिंबू आणि मिरपूड, सोबत काकडीची कोशिंबीर, आणि त्या रात्री एक पोळी कमी. काड्या मोजून दिल्याचं त्यांना पहिल्यांदा खटकलं. गेल्या रविवारी मात्र काटा त्यांनी स्वतःच कपाटातून काढून ओट्यावर ठेवला.