तोफ तालात कशी आणायची?

बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठी एस्प्लनेड नावाची हिरवळ आहे. दरवर्षी ४ जुलैच्या संध्याकाळी तिथे प्रचंड गर्दी जमते. दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा, आणि वाजतं काय, तर नेपोलियनची फौज रशियानं कशी पिटाळली त्याची कहाणी : रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची वाद्यवृंदासाठीची रचना, '१८१२ ओव्हर्चर'. १९७४मध्ये बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचे संचालक आर्थर फीडलर यांनी खऱ्या तोफा, चर्चच्या घंटा आणि फटाके यांच्यासह ते इथे वाजवलं आणि तिथून प्रथाच पडली. विसंगती कुणाला खटकत नाही. तोफा असल्यावर कोण विचारतो!

पण तोफ हे वाद्य म्हणून महाकठीण. चायकोव्हस्कीनं स्वरलिपीत तोफेचे १६ बार मांडलेत, प्रत्येकाची जागा नेमकी. आता समजा, तोफा वाद्यवृंदापासून १०० मीटरवर आहेत. २० अंश तापमानात आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे बार मंचापर्यंत पोहोचायला ०.२९ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. बार पडेल तो दोन ठोक्यांच्या जवळपास मधे! आणि तोफवाल्यानं संगीत कानांनी ऐकून बत्ती दिली तर आणखी पंचाईत, कारण तो ठोका त्याच्यापर्यंत यायलाच ०.२९ सेकंद गेलेले असतात. जाऊन-येऊन ०.५८ सेकंद, एक ठोका पूर्ण हुकला. म्हणून इशारा दिव्यानं किंवा तारेवरून द्यायचा, आणि तोही थोडा आधी.

तरीही सगळ्यांचं समाधान होत नाहीच. तोफेजवळ बसलेल्याला बार लवकर ऐकू येतो आणि वाद्यवृंद उशिरा, मंचाजवळच्याचं उलटं. सर्वांसाठी बरोबर असा एकच क्षण मोकळ्या मैदानात नसतोच. ही रचना निभावून जाते ती शेवटी घंटा, पितळी वाद्यं आणि तंतुवाद्यं मिळून इतका कल्लोळ करतात म्हणून. चायकोव्हस्कीनं स्वतःही ती फार गोंगाटी असल्याची आणि आपण ती विशेष जिव्हाळ्यानं लिहिली नसल्याची कबुली दिली होती. माझ्या मते तोच गोंगाट मैदानात तिच्या पथ्यावर पडतो.

उन्हाळ्याचा दुसरा खोडसाळपणा सुरांचा. हवा अंशाअंशानं तापते तसा आवाजाचा वेग दर अंशाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांच्या नळीतला स्वर या वेगावरच ठरतो. नळीतली हवा १० अंशांनी तापली तर स्वर आपल्या हिशेबात अर्ध्या श्रुतीहून थोडा जास्तच चढतो (वादकाचा श्वास नळीतली हवा आधीच कोमट ठेवतो, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो). व्हायोलिनचं मात्र उलट. तार तापली की प्रसरण पावते, ताण ढिला पडतो, स्वर उतरतो. एकाच मंचावर निम्मे वर, निम्मे खाली. मंडपातल्या मैफलीत दोन रागांच्या मधे तानपुरा पुन्हा लावताना पाहिलेल्यांना हे नवं नाही.

याच शहरात सिम्फनी हॉल आहे, १९०० साली उघडलेला. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञानं आधी गणित मांडून त्याचं ध्वनिशास्त्र ठरवलं. सभागृह भरलेलं असताना तिथे सूर जवळपास दोन सेकंद रेंगाळतो. हिरवळीवर तो रेंगाळणार कशाला, त्याला परतवणारी भिंतच नाही. म्हणून मंचामागे १९४०चं हॅच शेल हे शिंपल्यासारखं छत आहे. ते मागे आणि वर जाणारा आवाज श्रोत्यांकडे वळवतं, आणि वादकांना एकमेकांचं ऐकू येतं, हेही कमी महत्त्वाचं नाही.

भिंतींचं बाकीचं काम हवा करते. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्याच बाजूला वळते. आवाजाच्या लाटेचंही तसंच : जिकडे हवा थंड, तिकडे वेग कमी, आणि लाट तिकडे झुकते. दुपारी जमीन तापलेली आणि वरची हवा थंड, म्हणून आवाज वर वळून दूरच्या श्रोत्यांच्या डोक्यावरून निघून जातो. शांत संध्याकाळी जमीन निवते, वरची हवा उबदार राहते, आणि आवाज खाली वळून पाण्यावरून लांबवर जातो. नदीत नाव नांगरून बसणारे याचा फायदा घेतात. त्यांच्यापर्यंत पोहोचताना पिकोलो या छोट्या बासरीचे तीव्र सूर हवेनं बरेच शोषलेले असतात, तोफेच्या खर्जाला मात्र फारसा धक्का लागत नाही.

मागच्या गर्दीसाठी ध्वनिक्षेपक लागतातच. विजेचा संदेश तिथे क्षणात पोहोचतो, पण मंचावरचा आवाज १७० मीटरला अर्धा सेकंद घेतो. तसंच सोडलं तर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल. म्हणून दूरचे ध्वनिक्षेपक मुद्दाम उशिरा वाजवतात, मंचावरच्या आवाजापेक्षाही काही सहस्रांश सेकंद मागे. कान आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. मग आवाज शेजारच्या खांबावरून येत असला, तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो समोरच्या शिंपल्यातूनच येतोय असं वाटतं.