विशेष गरजा असलेल्या लहान मुलांचे दात : पालकांसाठी माहिती

ज्या घरात मुलाला जन्मतः हृदयाचा आजार, फिट्स, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम किंवा ऑटिझम आहे, तिथे दातांचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागतो. थेरपी, तपासण्या, औषधांच्या वेळा यांतच दिवस संपतो, आणि ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ असं म्हणून विषय मागे पडतो. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, ते दाढ दुखली की जेवण सोडतं, कानावर मारून घेतं, रात्री किंचाळत उठतं. खरं कारण लक्षात येईपर्यंत गाल सुजलेला असतो.

कीड खोल गेली की यातल्या बऱ्याच मुलांवर खुर्चीत बसवून उपचार करता येत नाहीत, हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल द्यावी लागते. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाला भूल देणं ही साधी गोष्ट नाही. ती वेळ टाळता येते, म्हणूनच आम्हा दंतवैद्यांचा आग्रह आहे की पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाला एकदा दाखवून न्या. डाऊन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात. दात आले नसले तरी वाढदिवसापर्यंत याच.

औषधं आणि दात

लहान मुलांची बरीच सिरप साखर घालून गोड केलेली असतात. रोज, वर्षानुवर्षं घ्यावं लागणारं सिरप झोपताना दिलं की ती साखर रात्रभर दातांवर राहते, कारण झोपेत लाळ कमी सुटते. रात्रीच्या डोसनंतर दात घासा. बाळ झोपलंच असेल तर ओल्या स्वच्छ कापडाने दात पुसून घ्या. साखर नसलेलं सिरप किंवा गोळी चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण औषध स्वतःहून बदलू किंवा थांबवू नका. फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या वाढून दातांवर येऊ शकतात. तोंड जितकं स्वच्छ, तितका हा त्रास कमी. इन्हेलर घेतल्यावर चूळ भरायला लावा. वारंवार उलटी होत असेल तर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दाताचा वरचा थर मऊ झालेला असतो. पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

घासायचं कसं

बेसिनसमोर उभं करण्याचा हट्ट सोडा. तुम्ही भिंतीला टेकून जमिनीवर बसा आणि मुलाचं डोकं मांडीवर घ्या. एका हाताने ओठ हलकेच उचला, दुसऱ्या हाताने हिरडीच्या कडेपासून घासा. दोघं असाल तर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसा, एकाने हात धरायचे, दुसऱ्याने घासायचं. मूल ब्रश घट्ट चावत असेल तर ओल्या कापडाची जाड घडी एका बाजूच्या दाढांमध्ये ठेवा आणि दुसरी बाजू घासा. दातांमध्ये बोट घालू नका.

गिळायला त्रास असलेल्या मुलाला आडवं झोपवू नका. पाठ उंच, मान किंचित पुढे, पेस्ट अगदी थोडी, फेस लगेच पुसून घ्यायचा. नळीने जेवणाऱ्या मुलांचेही दात रोज घासावे लागतात. त्यांच्या दातांवर कीटण फार लवकर साचतं आणि तोंडातले जंतू फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

पेस्ट फ्लोराइडची हवी, पाकिटावर १००० पीपीएम लिहिलेलं बघा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ऑटिझम असलेल्या मुलाला पुदिन्याची चव किंवा फेस सहन होत नसेल तर सुरुवातीला नुसत्या ओल्या ब्रशने घासा. आधी ब्रश हाताला, मग गालाला, मग ओठाला, आणि ज्या दिवशी जमेल त्या दिवशी दाताला. रोज तीच जागा, तीच वेळ, तेच दहापर्यंत मोजणं. काही मुलांना महिना लागतो, लागू द्या.

खाणं

वजन वाढावं म्हणून सतत खायला द्यायला सांगितलं असेल तर ते कमी करू नका. तूप, लोणी, शेंगदाण्याच्या कुटाने दात किडत नाहीत. चिकट बिस्किटं, मधात बुडवलेली चोखणी आणि रात्री तोंडात राहणारी दुधाची बाटली मात्र बंद करा. थेरपीत बक्षीस म्हणून चॉकलेट मिळत असेल तर थेरपिस्टशी बोलून त्याऐवजी स्टिकर किंवा साबणाचे फुगे ठरवा.

आम्ही काय करतो

पहिल्या भेटीत बहुधा काहीच उपचार नसतो. मूल खुर्चीत बसतं, आरसा हातात घेऊन बघतं, घरी जातं. पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश (दात मजबूत करणारा पातळ लेप) लावतो, त्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. सहाव्या वर्षाच्या आसपास पक्क्या दाढा आल्या की त्यांच्या खाचा सीलंटने, म्हणजे अन्न अडकू न देणाऱ्या पातळ थराने, भरतो. कीड सुरू झालेली असेल तर काही दातांवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लावून ती रोखता येते. यात ड्रिलिंग नाही, सुई नाही. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी सांगून, तुम्हाला मान्य असेल तरच लावतो.

हृदयाचा आजार असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणा. काही मुलांना दात काढण्यासारख्या उपचाराआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, नाहीतर तोंडातले जंतू रक्तातून हृदयाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचून गंभीर संसर्ग होऊ शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधीच दात दाखवा. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असेल तर रक्तविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय आम्ही दात काढत नाही. हिरड्यांतून थोडं रक्त आलं म्हणून घासणं मात्र थांबवू नका, न घासल्याने सूज आणि रक्त दोन्ही वाढतात.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये असून दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही त्यात समावेश आहे. कार्ड असेल तर सोबत आणा, बिलं आम्ही त्याप्रमाणे करून देतो.

येण्याआधी फोनवर सांगा : मुलाला कोणता आवाज, उजेड किंवा स्पर्श नको वाटतो, व्हीलचेअर आहे का, शेवटची फिट कधी आली होती, कोणती औषधं चालू आहेत. गर्दी नसलेली वेळ देऊ. आवडतं खेळणं, पांघरूण, आजी, जे सोबत असल्यावर मूल शांत राहतं ते घेऊन या.