पॉवरपॉइंटमधील व्हिडिओ ट्रिमिंग

स्लाइडवर घातलेल्या व्हिडिओचा सुरुवातीचा आणि शेवटचा नको असलेला भाग वगळून हवा तेवढाच तुकडा दाखवण्याची सोय. मायक्रोसॉफ्ट पॉवरपॉइंटमध्ये ती २०१० च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या २००७ च्या आवृत्तीत व्हिडिओ सादरीकरणाच्या फाइलमध्ये साठवलाच जात नसे. तो संगणकावर कुठे ठेवला आहे एवढाच पत्ता नोंदला जाई. सादरीकरण पेनड्राइव्हवर नेले आणि व्हिडिओची फाइल मागे राहिली, की ऐन सभागृहात तो चालत नसे. २०१० मध्ये व्हिडिओ फाइलच्या पोटातच बसू लागला आणि त्याबरोबर ट्रिम, बुकमार्क (व्हिडिओतल्या ठरावीक क्षणावर ठेवायची खूण) आणि फेड (सुरुवातीला हळूहळू उमटणे, शेवटी हळूहळू विरणे) या सोयी आल्या.

ट्रिम केल्याने व्हिडिओतले काहीच नाहीसे होत नाही, आणि या विषयातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. समजा, ९० सेकंदांच्या व्हिडिओतले ५ व्या ते ७० व्या सेकंदापर्यंतचे चित्रण ठेवले. मूळ व्हिडिओ फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो; स्लाइडच्या नोंदीत ‘सुरुवातीचे ५,००० आणि शेवटचे २०,००० मिलिसेकंद वगळा’ अशा अर्थाचे दोन आकडे तेवढे लिहिले जातात. त्यामुळे महिन्याभराने मत बदलले तरी खुणा मागे ओढून वगळलेला भाग परत आणता येतो. मात्र फाइलचा आकार एका बाइटनेही घटत नाही, आणि वगळलेला भाग फाइल ज्याच्या हाती जाईल त्याच्याही हाती जातो.

कृती. व्हिडिओवर क्लिक केले की वरच्या पट्टीत ‘प्लेबॅक’ हा टॅब दिसू लागतो. त्यात ‘ट्रिम व्हिडिओ’ आहे. विंडोजवर व्हिडिओवर राइट-क्लिक करूनही ‘ट्रिम’ मिळते. उघडणाऱ्या खिडकीत व्हिडिओखालच्या पट्टीच्या डाव्या टोकाला हिरवी खूण असते, उजव्या टोकाला लाल. हिरवी जिथे ठेवू तिथून व्हिडिओ सुरू होतो, लाल खुणेवर थांबतो. खालच्या दोन चौकटींत तीच वेळ मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग अशी दिसते, उदाहरणार्थ ००:०५.०००. ‘प्ले’ दाबून निवडलेला तुकडा पाहावा आणि मगच ‘ओके’ करावे.

लहान क्लिपसाठी खुणा माउसने ओढणे ठीक. पण तासाभराचे व्याख्यान असेल आणि पट्टीची लांबी ५०० पिक्सेल धरली, तर माउस एक पिक्सेल हलला की वेळ सात सेकंदांनी सरकते. अशा वेळी खूण ओढत बसण्यात अर्थ नाही. व्हिडिओ आधी नेहमीच्या प्लेयरमध्ये पाहून वेळा कागदावर टिपाव्यात, त्या चौकटींत टाइप कराव्यात आणि मागची-पुढची फ्रेम दाखवणाऱ्या बटणांनी शेवटचा फरक जुळवावा.

आवाज. नवशिक्या माणसाची नजर चित्रावर असते आणि चूक होते आवाजात. बोलणाऱ्याचे ओठ मिटलेले दिसले म्हणून तिथे लाल खूण ठेवली, तर शेवटच्या अक्षराचा नाद तुटतो. शेवटच्या शब्दानंतर निदान पाव ते अर्धा सेकंद मोकळा सोडावा, सुरुवातीलाही तेवढाच. मराठी बोलण्यात तर हे फार जपावे लागते, कारण आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतो. ‘ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही’ या वाक्यातला शेवटचा शब्द छाटला गेला, तर आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात अगदी उलटी सूचना जाईल. म्हणून काप कुठे घ्यायचा हे चित्र पाहून ठरवले, तरी तो बरोबर पडला की नाही हे एकदा डोळे मिटून, नुसते ऐकून तपासावे. तरीही तुकडा एकदम तुटल्यासारखा वाटला, तर याच टॅबमधल्या ‘फेड ड्युरेशन’मध्ये दोन्ही बाजूंना ०.२५ ते ०.५० सेकंद द्यावेत.

मधला भाग वगळणे. ट्रिम फक्त दोन टोकांचे होते. मधला तुकडा काढण्याचे बटण पॉवरपॉइंटमध्ये नाही. त्यावर तोडगा असा: व्हिडिओची प्रत करून दोन्ही प्रती एकमेकींवर तंतोतंत बसवाव्यात. खालची ० ते २० सेकंद, वरची ३५ ते ६० सेकंद अशी ट्रिम करावी. वरच्या प्रतीला ‘हाइड व्हाइल नॉट प्लेइंग’ लावावे, नाहीतर ती खालचीला झाकून बसते. मग ॲनिमेशन पेनमध्ये, म्हणजे स्लाइडवरच्या परिणामांचा क्रम दाखवणाऱ्या बाजूच्या चौकटीत, वरचीचा ‘प्ले’ हा परिणाम ‘आफ्टर प्रीव्हियस’ (आधीचे संपल्यावर) करावा. दोन तुकड्यांच्या सांध्यावर किंचित अडखळ जाणवू शकते, विशेषतः जुन्या लॅपटॉपवर. एकाहून अधिक जागी मधून कापायचे असेल, तर हा खटाटोप सोडून व्हिडिओ एडिटरकडे वळावे.

बुकमार्क वापरायचे असतील तर आधी ट्रिम, मग बुकमार्क हा क्रम पाळावा. वगळलेल्या भागातल्या बुकमार्कवर बेतलेले ॲनिमेशन चालायचे कसे, व्हिडिओ तिथे पोचतच नाही. ‘लूप’ लावले तर निवडलेला तुकडाच पुन्हा पुन्हा चालतो, आणि संपूर्ण सादरीकरणाचा व्हिडिओ करून घेतला तर त्यातही तेवढाच तुकडा येतो. ट्रिमनंतर ‘पोस्टर फ्रेम’ही पाहून घ्यावी. व्हिडिओ सुरू होण्याआधी स्लाइडवर दिसणारे ते स्थिरचित्र असते. हव्या त्या क्षणी व्हिडिओ थांबवून ‘पोस्टर फ्रेम’मधून ‘करंट फ्रेम’ निवडली की ते बदलते.

आकार आणि गोपनीयता. ४०० एमबीच्या व्हिडिओतले २० सेकंद ठेवले तरी फाइल ४०० एमबीच्या वरच राहते. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी असल्याने ही गोष्ट बहुतेकांना ईमेल पाठवताना कळते. त्याहून गंभीर बाब अशी: ज्याला ही फाइल मिळाली त्याला ट्रिमची खिडकी उघडून वगळलेला भाग पाहता येतो. तेवढेही करायला नको. फाइलच्या नावातील पीपीटीएक्स हे विस्तारनाम बदलून झिप केले आणि फाइल उघडली, तर आतल्या मीडिया फोल्डरमध्ये अख्खा मूळ व्हिडिओ सापडतो. रुग्णाचा चेहरा, विद्यार्थ्याचे नाव, बैठकीतले खासगी बोलणे ‘ट्रिम केले आहे’ म्हणून सुरक्षित समजणे धोक्याचे आहे.

वगळलेला भाग खरोखर काढण्यासाठी ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘कम्प्रेस मीडिया’ या वाटेने जावे. आजच्या आवृत्तीत तिथे १०८०पी, ७२०पी आणि ४८०पी असे चित्राच्या स्पष्टतेचे, उतरत्या क्रमाने, तीन पर्याय असतात. वर्गात किंवा सभागृहात प्रोजेक्टरवर दाखवायला ७२०पी बहुधा पुरते. ४८०पी फक्त ईमेलसाठी ठेवावे, कारण पडद्यावरची बारीक अक्षरे त्यात फुटतात. या प्रक्रियेत व्हिडिओ नव्याने एन्कोड होतो, म्हणजे पुन्हा दाबून साठवला जातो, त्यामुळे दर्जा थोडा उतरतो आणि लांब क्लिपला वेळही लागतो. आधी फाइलची वेगळी प्रत ठेवलीच पाहिजे. नंतर आकार घटला का ते पाहावे. मजकूर संवेदनशील असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे झिप उघडून खात्री करावी, किंवा मुळात बाहेर कापलेला व्हिडिओच स्लाइडवर घालावा. हा दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

‘ट्रिम’ बटण फिकट दिसणे आणि दाबता न येणे, किंवा व्हिडिओ नीट न चालणे. सादरीकरण जुन्या पीपीटी स्वरूपात असेल तर ते पीपीटीएक्समध्ये रूपांतरित करावे लागते. यूट्यूबसारख्या संकेतस्थळावरून आणलेला व्हिडिओ ट्रिम होत नाही, कारण त्याची फाइल आपल्याकडे नसतेच. मोबाइलवर एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) प्रकारात झालेले चित्रण एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर नुसता आवाज येतो; असे चित्रण आधी एमपीफोरमध्ये, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज अशा जोडीने बदलून घ्यावे. तुकडा सुरू होताना क्षणभर अडकत असेल, तर कारण बहुधा कीफ्रेम हे असते. व्हिडिओत पूर्ण चित्र काही काही अंतरानेच साठवलेले असते आणि मधल्या फ्रेम त्यावरून उभ्या कराव्या लागतात. हिरवी खूण कीफ्रेमपासून दूर पडली, तर संगणकाला मागून हिशेब करत यावे लागते. खूण अर्धा-एक सेकंद मागे-पुढे केली की पुष्कळदा फरक पडतो.

इतर सॉफ्टवेअर. गूगल स्लाइड्समध्ये व्हिडिओ निवडून ‘फॉरमॅट ऑप्शन्स’मधल्या ‘व्हिडिओ प्लेबॅक’खाली सुरुवातीची व शेवटची वेळ भरता येते, आणि ती यूट्यूबच्या व्हिडिओलाही लागू पडते. व्हिडिओ ड्राइव्हवरचा असेल तर पाहणाऱ्याला त्या फाइलचीही परवानगी द्यावी लागते. स्लाइड्स शेअर केल्या म्हणून व्हिडिओ दिसतोच असे नाही. ॲपलच्या कीनोटमध्ये ट्रिमची पट्टी ‘मूव्ही’ टॅबमध्ये असते. तिथेही मूळ व्हिडिओ शाबूत राहतो, पण ‘रिड्यूस फाइल साइज’मध्ये वगळलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.