नकाशावरची एकरंगी शेती आणि गोव्याची भातबियाणी

प्रादेशिक विकास आराखड्याच्या नकाशावर वसाहत, उद्योग, वन, किनारा यांना वेगवेगळे रंग मिळतात. शेतीच्या वाट्याला मात्र बहुधा एकच हिरवी छटा येते, फार तर बागायतीला दुसरी. हा रंग राखला म्हणजे शेती राखली, असे आराखडा करणारेही मानतात आणि त्याविरुद्ध आंदोलन करणारेही. पिकांच्या पारंपरिक वाणांचा विचार केला तर हे गृहीतक फारसे टिकत नाही. बियाण्याची विविधता जमिनीच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा जमिनीच्या पातळीतील, मातीतील आणि पाण्यातील फरकांशी अधिक घट्ट बांधलेली असते, आणि नकाशाच्या एकरंगी पट्ट्यात नेमके हेच फरक पुसले जातात. गोवा हे याचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचा उतार फार थोड्या अंतरात संपतो. गोव्यातील शेतकरी भाताच्या जमिनीचे पूर्वापार तीन प्रकार मानत आला आहे. डोंगरउतारावरची, पायऱ्यापायऱ्यांची, जांभ्या दगडाच्या झिजेतून बनलेली आणि पाणी न धरणारी ती मोरड. मधल्या पातळीवरची, वाळूमिश्रित, पण ओलावा बऱ्यापैकी टिकवणारी ती खेर. हाताशी पाणी असेल तर पावसाळी पिकानंतर तिथे वायंगणाचे दुसरे भात किंवा अळसांद्यांसारखे कडधान्य निघते. आणि नद्यांच्या मुखाकडील, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेली ती खाजण. मोरडीला पाऊस ओसरण्याआधी हाती येणारे हळवे भात लागते, कारण सप्टेंबरनंतर तिथल्या मातीत ओल उरत नाही. खाजणातल्या भाताला क्षार सोसावे लागतात, साचलेल्या पाण्यात उभे राहावे लागते आणि बांध फुटला तर काही दिवस खाऱ्या पाण्यात तग धरावा लागतो. एका जमिनीचे वाण दुसऱ्या जमिनीत नेले तर ते एक तर करपते किंवा बुडते.

खाजणाची रचना सविस्तर समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. चिकणमाती, पेंढा आणि जांभा दगड वापरून घातलेला बांध शेताला नदीपासून वेगळे करतो. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दरवाजे असतात. भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जाते आणि खारे पाणी, थोडेफार सोडल्यास, आत येत नाही. मानसाच्या आतल्या बाजूला पोंय नावाचा खोलगट जलप्रवाह असतो. जास्तीचे पाणी तोच सामावून घेतो, आणि मासळी व कोळंबीही त्यातच वाढते. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी मातीतील क्षार धुऊन मानसातून बाहेर नेते आणि जमीन पेरणीजोगी होते. वीज नाही, पंप नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारे हे यंत्र शतकानुशतके चालत आले आहे. अशा जमिनींचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर, म्हणजे राज्याच्या भूभागाच्या जवळजवळ पाच टक्के आहे.

या जमिनीत वाढणाऱ्या कोरगुट, असगो, दामगो, खोचरो अशा वाणांचे वैशिष्ट्य कळण्यासाठी क्षारांचा रोपावर होणारा परिणाम पाहावा लागतो. भात हे मुळात क्षारांपुढे नाजूक पीक आहे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचे माप, ३ डेसिसायमन प्रतिमीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते. पहिला आघात पाण्याचा असतो: मातीतील द्रावण खारट झाले की मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि रोप पाण्यात उभे राहूनही तहानलेले राहते. दुसरा आघात सोडियमचा. सोडियम पेशीत शिरून पोटॅशियमची जागा घेतो आणि ज्या विकरांचे काम पोटॅशियमवर चालते ती निकामी होऊ लागतात. क्षार सोसणारे भात सोडियमला पानांपर्यंत पोहोचूच देत नाही. बंगालच्या नोना बोकरा या पारंपरिक वाणावरील संशोधनातून २००५ मध्ये यामागचे एक जनुक हाती लागले. मुळाकडून वर जाणाऱ्या रसवाहिन्यांतून सोडियम परत खेचून घेणारे प्रथिन त्या जनुकामुळे तयार होते. केरळच्या पोक्कळी भातात क्षारसहनशीलतेशी जोडलेला जो जनुकीय पट्टा सापडला, तोही गुणसूत्र क्रमांक एकच्या त्याच भागात आहे. बंगाल आणि केरळ या दोन दूरच्या किनाऱ्यांवरच्या शेतकऱ्यांनी केवळ उभ्या पिकाकडे पाहून बी राखले आणि जवळपास एकाच जैविक उपायापर्यंत पोहोचले, ही गोष्ट मला कोणत्याही प्रयोगशाळेच्या यशाइतकी मोठी वाटते.

पारंपरिक वाण ही एकजिनसी वस्तू नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. भात प्रामुख्याने स्वपरागित असल्यामुळे कोरगुटच्या एका शेतात वरकरणी सारख्या दिसणाऱ्या, पण आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या अनेक शुद्ध वंशांची मिसळ असते. एखाद्या वर्षी क्षार जास्त असतील तर काही वंश अधिक दाणे देतात, पाणी खोल साचले तर दुसरे. शेतकरी त्यातले बी पुढच्या हंगामासाठी ठेवतो, तेव्हा त्या वर्षीची निवडही बियाण्यात उतरते. जुन्या गोव्यातील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटच्या अशाच मिसळीतून शुद्ध वंश निवडून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे वाण दिले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही हेच झाले होते: ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे क्षारसहनशील वाण कोकणातल्या स्थानिक राता भातातून निवडलेले आहेत, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल १’पासूनची मालिका विकसित केली. बियाणे शीतगृहात ठेवता येते आणि ठेवलेच पाहिजे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत भाताचे १,३०,००० हून अधिक नमुने आहेत. पण शीतगृहातले बी ज्या दिवशी ठेवले त्या दिवसापाशी थांबते. समुद्राची पातळी आणि नदीमुखांतील क्षार बदलत असताना निवडीचे काम चालू ठेवायचे असेल, तर ते बी दरवर्षी खाऱ्या मातीत पडावे लागते.

ती खारी माती राहणार की नाही, हे ठरते आराखड्यात. गोव्यात १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली प्रादेशिक आराखडे तयार होतात. २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’मध्ये शेते, डोंगरउतार आणि किनारे मोठ्या प्रमाणावर वसाहतीसाठी खुले केल्याचा आरोप झाला, गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कार्यदलाने ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ आखला. गावोगावी मसुदे पाठवून हरकती मागवणारा हा आराखडा त्या काळात असाधारणच म्हणावा लागेल. त्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांच्या दोन श्रेणी केल्या: वने, खारफुटी, पाणवठे यांच्याबरोबर भातशेते आणि खाजणे पहिल्या श्रेणीत गेली, बागायती, इतर लागवडीची जमीन, मिठागरे दुसऱ्या. २०१२ मध्ये सरकार बदलल्यावर हा आराखडा स्थगित झाला आणि काही वर्षांनी पुन्हा वापरात आला. २०२३ मध्ये कायद्यात घातलेल्या कलम १७(२) मुळे आराखड्यातील ‘चुका’ एकेका भूखंडापुरत्या दुरुस्त करण्याची वाट खुली झाली. त्यासाठी केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवले.

या वादात दोन्ही बाजू हेक्टरांचा हिशेब मांडतात, आणि तो आवश्यकच आहे. पण खाजण एकेका भूखंडाने मोजायची वस्तू नाही. एका बांधाच्या आतली सगळी शेते, पोंय आणि मानस मिळून पाण्याचे एकच एकक बनते. वरच्या कडेला रस्त्यालगतचा एक तुकडा भराव घालून उंच केला, तर तिथे मुरणारे पाणी खालच्या शेतात उतरते. पोंयचा काही भाग बुजला तर पावसाच्या दिवसांत पाण्याला जागा उरत नाही. बांधाजवळची दोन-तीन शेते पडीक राहिली तर खेकड्यांनी पाडलेली बिळे वेळेवर बुजवायला कोणी फिरकत नाही आणि तिथूनच बांध खचतो. रूपांतर झालेले क्षेत्र कागदावर नगण्य दिसते, भिजणारे क्षेत्र मात्र सगळ्या बांधाआडचे असते.

देखभालीची व्यवस्थाही विस्कटत गेली. पोर्तुगीजांनी १५२६ च्या सनदेत ज्यांच्या रूढी नोंदवून घेतल्या त्या गावकाऱ्या, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या आणि पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्था, मानसावरच्या मासेमारीच्या लिलावातून बांधाचा खर्च भागवत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्याय्यच होते. मात्र अनेक ठिकाणी मासळीचे उत्पन्न भातापेक्षा मोठे झाले आणि कोळंबी आत यावी म्हणून मानस भरतीलाही उघडे ठेवण्याचे प्रकार सुरू झाले. अशा शेतात सर्वांत आधी ‘जया’ आणि ‘ज्योती’ ही जास्त उत्पन्नाची बुटकी भाते हरतात. आणखी काही वर्षांनी कोरगुटही हरते.

त्यानंतर येते खारफुटी. बांध फुटून भरतीचे पाणी नियमित आत येऊ लागले की काही वर्षांतच शेतात खारफुटीची झाडे उभी राहतात. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार खारफुटीला कडक संरक्षण आहे, आणि असलेच पाहिजे. परिणामी, निष्काळजीपणाने किंवा मुद्दाम फोडलेला बांध पुन्हा घालून तिथे भात लावायचे ठरवले, तर कायदा शेतकऱ्याच्याच आड येतो. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांचे नकाशे करून त्यांच्या व्यवस्थापनाची योजना आखण्याची तरतूद होती, आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये असेही म्हटले होते. बांधकाम रोखणारे कलम लिहिणे सोपे असते. मानसाची झडप कोणी बदलायची आणि कोणाच्या पैशाने, हे त्याहून अवघड काम आहे.

खाजणाइतकी चर्चा मोरडीची होत नाही, आणि माझ्या मते तिचे नुकसान अधिक मुकाट्याने झाले. उतारावरची नाचणी, वरी आणि हळवी भाते यांची जागा आधी काजूने घेतली, नंतर घरांनी. काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढणारी खोला मिरची आणि पेडण्याच्या किनारी पट्ट्यातली हरमल मिरची यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. असा निर्देशांक पिकाला त्याच्या भूमीशी कायदेशीररीत्या जोडतो, पण संरक्षण नावाला देतो, उताराला नाही. आराखडा करणाऱ्या खात्याने निर्देशांकाची नोंद पाहावी, असे बंधन कुठेच नाही.

मोरड, खेर, खाजण अशा भूवर्गांनुसार आराखडा आखायचा तर त्यासाठी माहिती कुठून आणायची, असा प्रश्न प्रशासनाकडून येणे स्वाभाविक आहे. गोव्यात त्याचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरातच आहे. सातबाऱ्याच्या जागी तिथे चालणाऱ्या एक-चौदाच्या उताऱ्यात प्रत्येक सर्व्हे क्रमांकाच्या लागवडीखालील क्षेत्राची विभागणी जिरायत, बागायत, तरी (भातजमीन), खाजन (खाजण), केर (खेर) आणि मोरड अशा रकान्यांत केलेली असते. नोंदी जुन्या आहेत, काही ठिकाणी चुकीच्याही असतील. तरी हे रकाने नकाशावर चढवले, प्रत्येक बांधाआडचे क्षेत्र एक एकक म्हणून दाखवले आणि त्यातल्या कोणत्याही भूखंडाच्या रूपांतराचा अर्ज त्या संपूर्ण एककाच्या पाण्याचा हिशेब पाहून तपासला, तर कोरगुटची जमीन कुठे संपते आणि हळव्या भाताची कुठे सुरू होते, हे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला सहीपूर्वी दिसेल.